आपली मागची खोली

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मुकादमाने दारातूनच आरोळी ठोकली की धाकट्याच्या ताईचं फर्मान आलं, आणि मी हात धुऊन येईपर्यंत पाकिटावर सगळ्यांच्या बोटांचे सिमेंटचे ठसे उमटले होते. फोडलं मात्र कोणी नाही. एवढी सभ्यता आमच्यात अजून शिल्लक आहे.

मी बरा आहे, खोकला गेला. सध्या एका मोठ्या दवाखान्याच्या नव्या इमारतीत फरशी बसवतोय. लांबच लांब व्हरांडे, दोन्हीकडे खोल्या, अजून दारं नाहीत की खिडक्या नाहीत, त्यामुळे कोणी शिंकलं तरी वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. राहायला पत्र्याची खोली आहे. दुपारी ती तापते, पहाटे गार पडते, आणि मधल्या वेळात आम्ही तिच्यात नसतो.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नसेल. फरशीवाला उलटा चालतो. समोरच्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि मागे मागे सरकत दाराकडे यायचं, म्हणजे ओल्या फरशीवर पाय पडत नाही. त्यामुळे खोली पुरी झाली की ती करणारा नेहमी दाराबाहेर असतो. ती वाळेपर्यंत आत जायचं नाही, आणि वाळली की आमचं बिऱ्हाड दुसरीकडे. इतक्या खोल्या केल्या, एकीतही टेकून चहा प्यालो नाही.

हे शहाणपण माझं नाही, गुण्याचं आहे. गुण्या म्हणजे माझा जोडीदार. कोपरा सरळ आहे की नाही ते बघायचा गवंड्याचा लोखंडी काटकोन असतो ना, त्याला गुण्या म्हणतात. हा तो कायम कमरेला खोचून फिरतो, जेवायला बसला तरी आधी ताट सरळ करतो, म्हणून त्याचंही नाव तेच पडलं. माझ्याहून थोडा मोठा आहे. बोलतो कमी, वाचता येत नाही. घरी कोण असतं विचारलं तर म्हणतो, होते. तुझी पत्रं मी त्याला वाचून दाखवतो. तो बातम्या ऐकल्यासारखा मान खाली घालून ऐकतो आणि मग सांगतो, मधलं परत वाच.

या खेपेला तू लिहिलंस की आपल्या मागच्या खोलीची जमीन उखणली आहे, ओल वर येते, आपल्याला तिचं काहीतरी केलं पाहिजे. ते त्याने पुन्हा वाचायला लावलं. मग खाटेखालून एक गोणी ओढली. आत फरश्या. प्रत्येक कामावर टवका गेलेल्या, रंग चुकलेल्या फेकून देतात, त्यातल्या निवडून त्याने जमवलेल्या. म्हणाला, कापून एकसारख्या केल्या की आपल्या खोलीला पुरतील. मी विचारलं, कुठल्या खोलीला? म्हणाला, ताईंनी लिहिलीय ती, आपली मागची.

ताई, मला हसू आलं आणि मग गेलं. तू लिहितेस 'आपली', म्हणजे तुझी नि माझी. मी ते मोठ्याने वाचतो, समोर तो बसलेला. त्याने स्वतःलाही त्यात धरलं. चूक कोणाची म्हणायची? शब्दच तसा आहे, जो ऐकेल त्याला आत घेतो.

मी ती चूक तशीच राहू दिली. तुझं काय म्हणणं ते कळव, पण वेगळ्या कागदावर. बाकी क्षेम. लोभ आहेच, त्याला ओल लागू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

*

दि. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हा कागद तुझ्या एकट्याचा. वाचून दाखवायचा सोबत आहे, त्यात शाळेच्या गणवेशांचं रडगाणं आहे, ते खुशाल ऐकव.

गुण्या भेटला म्हणायचा! आता तू गोविंदा हो आणि दोघं गुण्यागोविंदाने नांदा. पण बाबा, तिकडेच नांदा. उलटे पाय कोणाचे असतात ते लहानपणी मी तुला सांगितलं होतं आणि तू रात्रभर माझा पदर सोडला नव्हतास. आता तूच त्या जमातीत गेलास, बरं झालं.

थट्टा पुरे. मी इथे एकटी राहते. शेजारच्या काकूंची मान भिंतीवरून कुठवर लांबते ते तू जाणतोस. उद्या परका पुरुष गोणी घेऊन दारात उभा राहिला, तर मी त्यांना काय सांगू? की शब्दाची चूक झाली? ती खोली मी बालवाडीच्या बाईंना द्यायचं म्हणते आहे. त्या जागा शोधताहेत आणि मला सोबत होईल. खोटं कशाला बोलू, संध्याकाळी मशीन थांबलं की घर इतकं गप्प होतं की मी उगीच चिंधीवर टीप मारत बसते. बाबा गेल्यापासून हे असंच आहे. कधीकधी चहा दोघांचा टाकते आणि मग दोन्ही कप मीच पिते.

आणि तू येणार येणार म्हणतोस त्याचं काय? हे काम झालं की, पुढचं झालं की. तुझ्या 'पुढच्या खेपेला' या शब्दाला आता बुरशी आली. आधी तू ये, मग पाहुणे आण.

त्याला सरळ सांगून टाक. चुकलेली टीप लगेच उसवावी. जुनी झाली की दोऱ्याबरोबर कापडही फाटतं. जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ वाढव असं म्हणत नाही, आहे तेवढा घेऊन घरी ये.

तुझी,
ताई

*

दि. ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा कागद वाचला आणि फाडून टाकला. गणवेशांचं रडगाणं मात्र गुण्याने पुन्हा पुन्हा ऐकलं. काज करताना तुझ्या डोळ्यांना पाणी येतं असं लिहिलंयस, तिथे त्याने मला थांबवलं. मग विचारलं, मागच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला? म्हटलं, उगवतीला. तर मान हलवून कामाला लागला.

सांगायला मी गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत तो एका फरशीची कड घासत बसला होता. मी म्हटलं, गुण्या, त्या खोलीचं असं आहे की. त्याने मान वर केली. डोळ्यांच्या पापण्यांवर सगळी पांढरी पूड. मी म्हटलं, असं आहे की ती जरा लहान आहे. तो म्हणाला, मग फरश्या उरतील, उंबऱ्याला लावू. आता याच्यापुढे काय बोलशील तू?

तू म्हणशील एवढा कोण लागून गेला. ऐक. मागच्या कामावर मला ताप आला तेव्हा मी तुला सर्दी आहे असं लिहिलं होतं. सर्दी नव्हती, उभं राहता येत नव्हतं. मुकादमाला कळतं तर त्याने दुसरा माणूस घेतला असता. गुण्याने त्याची ओळ आणि माझी ओळ, दोन्ही ओढल्या. वर माझी थापी ओली करून माझ्या जागेवर ठेवायचा, म्हणजे मुकादमाला वाटावं मी आत्ताच पाणी प्यायला उठलोय. संध्याकाळी येऊन मला तुझं जुनंच पत्र वाचायला लावायचा. मी तापात वाचायचो, अक्षरं चुकली की तो पाठ असल्यासारखा सांगायचा. पाठच होती त्याला.

खोलीतले लोक त्याची टिंगल करतात. आमचा नळवाला आहे, त्याला सगळे गळक्या म्हणतात, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. तो गोणीकडे बघून म्हणतो, नवरी सासरी कधी निघणार? गुण्या म्हणतो, हे काम संपलं की, मी आणि धाकटा दोघं. असं तो सगळ्यांना सांगत सुटलाय, आणि माझा जीव वरखाली होतो. हल्ली माझं कशात लक्ष लागत नाही. बसलो तर उठावंसं वाटतं आणि उठलो की कुठे जायचं ते सुचत नाही. काल एक ओळ तिरकी गेली, ती सगळी उखडावी लागली.

मुकादम म्हणतो, याच्यापुढे फार लांबचं मोठं काम आहे, येणाऱ्यांनी नावं द्या. मी अजून नाव दिलेलं नाही.

ताई, तूच काहीतरी मार्ग काढ. तुला नेहमी सुचतं. तुझ्या रागालाही नमस्कार.

तुझा,
धाकटा

*

दि. २२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आमच्याकडे सर्व ठीक आहे. आमच्या घराला यंदा रंग द्यायचा विचार आहे. आमच्या अंगणातल्या झाडाची फांदी आमच्या छपरावर आली होती, ती तोडून घेतली. आमची मागची खोली बालवाडीच्या बाईंना द्यायचं ठरतं आहे. त्या भल्या आहेत. आमचं घर लहान असलं तरी आमच्यापुरतं पुरेसं आहे, असं आमचे बाबा म्हणत, ते तुला आठवत असेलच.

गणवेशांची घाई चालू आहे. आमचं मशीन मधूनच कुरकुरतं. तुझ्या जोडीदारांना नमस्कार सांग. प्रकृतीला जप. आमची आठवण ठेव.

तुझी,
ताई

(सोबतची चिठ्ठी)

तुझ्याने तोंड उघडवत नाही म्हणून हे केलं. जशाचं तसं वाच, मध्ये आपल्या पदरचं घालू नकोस. माणूस एवढा लक्ष देऊन ऐकतो तर त्याला कळेल, आणि तुला काही बोलावं लागणार नाही. लिहिताना मलाच कसंनुसं झालं. सख्ख्या भावाला कोणी 'आमचं घर' असं लिहितं का? पण इलाज नाही.

*

दि. ९ एप्रिल

ताई,

कळलं त्याला.

मी जशाचं तसं वाचायचं नाही असं ठरवलं होतं. 'आमच्या'च्या जागी 'आपल्या' म्हणत पहिल्या दोन ओळी नेल्या. पण तू इतके पेरून ठेवले होतेस की तिसऱ्या ओळीला जीभ अडखळली, आणि एकदा अडखळली ती अडखळलीच. मग मी वाचत गेलो. गुण्याने मधलं परत वाच म्हटलं नाही. सगळं संपल्यावर विचारलं, ताई माझ्यावर रागावल्यात का? मी म्हटलं, छे. तो म्हणाला, नाही, आधी 'आपलं' लिहायच्या.

बस, एवढंच. मग तो पाणी प्याला आणि भांडं उपडं घालून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आमच्या फाटकाशी चौकीदाराची एक टपरी आहे, आत नुसती माती. म्हातारा पोत्यावर पाय ठेवून बसतो. गुण्याने गोणी तिथे ओतली आणि दिवसभर बसून त्या टपरीला जमीन केली. निळी, पांढरी, तांबूस, कुठली कुठली, पण सगळ्या एका मापाच्या आणि एकही कोपरा हललेला नाही. गळक्या बघायला गेला होता, तोही टिंगल न करता परत आला. काम झालं तेव्हा गुण्या नेहमीसारखा दाराबाहेर होता. चौकीदाराने विचारलं, तुझ्या घरासाठी ठेवल्या होत्यास ना? तर म्हणाला, ओझं होतं, बरं झालं उतरलं.

परवा सकाळी त्याची खाट रिकामी होती. हिशोबही न घेता गेला. मुकादम म्हणतो, कुठेतरी गोदामाचं काम चाललंय तिकडे गेला असेल. माझ्या पेटीत तुझा पत्ता लिहून ठेवलेली पाकिटं असतात, त्यातलं एक कमी आहे. ते त्याने कशाला नेलं ते मला माहीत नाही.

तुझ्यावर राग आहे आणि तो लपवत नाही. त्याहून जास्त माझ्यावर आहे, कारण तू निदान काहीतरी लिहिलंस, मी नुसतं वाचलं. त्याच्या खाटेवर आता एक रंगारी आलाय. रात्रंदिवस शीळ घालतो.

धाकटा

*

दि. २५ एप्रिल

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मी गुण्या. धाकट्याचा जोडीदार होतो तो. मला लिहिता येत नाही म्हणून गोदामाच्या कँटीनमधल्या बाई लिहून देत आहेत. पाकीट धाकट्याचं आहे, न विचारता घेतलं, त्याला सांगा.

तुम्ही रागावला असाल तर बरोबरच आहे. मी ऐकलं ते चुकीचं ऐकलं. पत्र धाकट्याला होतं, मी नुसता समोर बसलो होतो. समोर बसलेल्याने जेवणाचं बोलावणं स्वतःला समजू नये, एवढं मला कळायला हवं होतं. (हे ते हसत सांगत आहेत, रडत नाहीत. — लिहिणारी)

खोलीत राहायचा माझा विचार नव्हता, ते सांगायचं राहिलं. तुम्ही डोळ्यांचं लिहिलं होतं. समोरच्या खोलीत उजेड दुपारून येतो, असंही एकदा लिहिलं होतं. मागच्या खोलीला उगवतीची खिडकी आहे. म्हणून वाटलं, जमीन केली की तुमचं मशीन तिकडे नेता येईल. मी बाहेर कुठेही पडलो असतो. जमीन झाल्यावर पुढच्या कामाला गेलो असतो, आणि मग लांबून कोणाला सांगता आलं असतं की तिथली जमीन मी केलीय.

दुसरं असं की धाकट्याने लांबच्या कामाला नाव दिलं आहे. त्याचं आणि माझंही. मी पलीकडे उभा होतो, त्याला दिसलो नाही. त्याला दोष देऊ नका. त्याला घरी यायची भीती वाटते. एकदा म्हणाला, बाबा गेले तेव्हा मी नव्हतो, आता त्या घरात कुठल्या तोंडाने बसू. दुसऱ्या वेळी म्हणाला, घर लांब आहे तोवर चांगलं दिसतं. मला वाटायचं, फरश्या मी वाहून नेल्या की तो माझ्यामागून येईल, कारण दोघं लागतात. एक बसवायला, एक माल कालवायला. मला घर नाही म्हणून मला कळतं ताई, असलेलं घर असं लांब ठेवू नये.

तुम्ही त्याला एकदा नुसतं ये म्हणा. थट्टा न करता. तुमची थट्टा मला आवडायची, पण तो तिच्याआड लपतो.

चुकलं असेल तर पोटात घाला. कँटीनचा पत्ता बाईंनी खाली लिहिला आहे, उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

आपला,
गुण्या

(ताई, 'आपला' हे मी रीतीने घातलं. त्यांनी वाचायला लावलं आणि विचारलं, हे ठेवलं तर चालेल का? मी ठेवलं आहे. — लिहिणारी)

*

दि. ४ मे

गुण्याभाऊ यांस,
स. न. वि. वि.

बालवाडीच्या बाई खोली बघून गेल्या, ओल पाहून नको म्हणाल्या. आपल्या मागच्या खोलीचा एकही कोपरा सरळ नाही असं मला नेहमी वाटत आलं आहे. तुम्ही येऊन बघितल्याशिवाय खात्री होणार नाही. कँटीनच्या बाईंनी हे पत्र हवं तितक्या वेळा वाचून दाखवावं, त्यांना माझा नमस्कार.

तुमची,
ताई

*

दि. ३० मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र बसून, सावकाश वाच.

मागच्या आठवड्यात मी काजं करत होते तर फाटकाशी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. पाठीला पिशवी, कमरेला तुझा तो लोखंडी काटकोन. आत येईना, हाकही मारीना. मी बाहेर गेले तर फाटकाचा खांब पाहत होता. नमस्कार करून म्हणाला, हा जरा झुकलाय. मी म्हटलं, आधी आत या, मग माझ्या घराच्या चुका काढा.

शेजारच्या काकू अर्थातच भिंतीवर होत्या. कोण आलं म्हणून विचारलं. धाकट्या, मी खूप दिवस उत्तर घोळवून ठेवलं होतं, नातेवाईक आहेत, कारागीर आहेत, असं काहीतरी. ऐन वेळी तोंडातून निघालं, आपलेच आहेत. काकू एवढ्या गोंधळल्या की त्यांनी मान आत घेतली. हे त्यांच्या जन्मात प्रथमच घडलं असावं.

कोपऱ्यांचं माझं खरं निघालं. बाबांनी खोली डोळ्यांनीच बांधली होती. गुण्याभाऊंनी चारी कोपऱ्यांत गुण्या लावून पाहिला आणि मान हलवली, आजाऱ्याला तपासून डॉक्टर हलवतात तशी. मग म्हणाले, चालेल, भिंत तिरकी असली तरी जमीन सरळ ठेवता येते. गावात फरशीची दुकानं आहेत, त्यांच्या मागे टाकलेला माल निवडून आणला. माल मी कालवला. हसू नकोस, मला छान जमतं.

आणि मग बघ काय झालं ते. मी मशीनवर होते. बऱ्याच वेळाने वाकून पाहिलं तर हा माणूस पलीकडे, खिडकीखाली, आणि दारापासून त्याच्यापर्यंत सगळी ओली फरशी. दाराशी सुरुवात करून आत आत सरकत गेले होते! आयुष्य यात घालवलेला माणूस नवशिक्यासारखा कोपऱ्यात अडकून बसलेला. मी म्हटलं, अहो हे काय केलंत? त्यांनी दाराकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, आणि पार कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, घाईत उलटं झालं. घाई कसली होती ते मी विचारलं नाही. वाळेपर्यंत हलता येईना. खिडकीला गज आहेत, तिकडून निघायचीही सोय नाही. मग मी घराला वळसा घालून जेवण खिडकीतून दिलं, संध्याकाळी चहा दिला, पांघरूण दिलं. माझा कप घेऊन मी बाहेर खिडकीशीच बसले. काकूंच्या हाती आयतंच कोलीत, पण त्याही शेवटी येऊन बसल्या आणि आपल्या गुडघेदुखीचं सांगत राहिल्या. तुझ्या जोडीदाराने सगळं ऐकून घेतलं आणि मधलं परत सांगा म्हणाले. त्या दिवसापासून काकू त्यांच्या बाजूच्या झाल्या आहेत.

मशीन आता मागच्या खोलीत आहे. सकाळचा उजेड थेट सुईवर पडतो. ते पुढच्या कामाला जायचं म्हणत होते. मी म्हटलं, उलटी पडलेली पावलं सरळ होईपर्यंत बसा. शाळा सुरू होईपर्यंत मला बटणं लावायला माणूस हवाच आहे. बटणंही एका ओळीत लावतात, दोरी धरल्यासारखी.

जिथे ते बसले होते तेवढा खिडकीखालचा तुकडा रिकामा राहिला आहे. आता वाळलंय तर तो भरून टाकते म्हणाले. मी नको म्हटलं. तो तुझा. रोज मशीनकडे जाताना तिथे माझ्या अंगठ्याला ठेच लागते, आणि ठेच लागली की तोंडातून तुझंच नाव निघतं. आईचं निघायला हवं, पण तुझं निघतं.

तू नाव दिल्याचं मला कळलं आहे. रागावले नाही. बाबांच्या वेळी तू नव्हतास, ते खरं आहे. मीही ते एकदा पत्रात टोचून लिहिलं होतं आणि वर हसण्यावारी नेलं होतं, ते तू विसरला नसणार. इथे कोणी तुझा हिशोब मांडून बसलेलं नाही. गुण्याभाऊंनी मला सांगितलं आहे की थट्टा करायची नाही, म्हणून साधं लिहिते. मी फार एकटी होते. तूही असशील. ये.

उत्तरात येतो असं लिहू नकोस, ते मी पुष्कळ वाचलंय.

आपली,
ताई

*

दि. ८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सवयीने मोठ्याने वाचलं. समोरच्या खाटेवर रंगारी होता, त्याने शीळ थांबवली आणि विचारलं, कोणाची रे आपली खोली? मी सांगितलं.

चौकीदाराने टपरीतल्या त्याच्या खाटेखालच्या, गुण्याने बसवलेल्या थोड्या फरश्या स्वतः उकरून दिल्या, त्या जागी मी दुसऱ्या बसवल्या. मुकादमाच्या यादीतून नाव काढलं, तो फार बोलला. फरश्या गोणीत आहेत आणि गोणी जड आहे. फाटकाचा खांब गुण्याला एवढ्यात सरळ करू देऊ नकोस, दोघं लागतात.

तू लिहू नकोस म्हणालीस ते मी लिहिलेलं नाही. हे पत्र टपालात टाकायलाही उशीर होतोय, तेव्हा ते माझ्याच खिशात राहील. दारात आल्यावर गुण्याला वाचून दाखवेन.

आपला,
धाकटा